स्टीली डॅनला थंड म्हणणाऱ्यांना

स्टीली डॅनला नावं ठेवणाऱ्यांची एक मोठी सोय आहे. आरोप करायला त्यांना फार ऐकावं लागत नाही. 'पेग' या गाण्याची पहिली वीस सेकंदं पुरतात. लख्ख गिटार, जागच्या जागी पडणारा ड्रम, कुठेही पाय न घसरणारा बास, की लगेच निकाल जाहीर. हे हॉटेलच्या लॉबीत लावायचं संगीत, दंतवैद्याकडे नंबर येईपर्यंत कानावर पडणारं. गेली चाळीस-पन्नास वर्षं हा निकाल तसाच्या तसा फिरतो आहे, आणि आता तर ज्यांनी स्टीली डॅन कधी धड ऐकलेलं नाही त्यांनाही तो तोंडपाठ झाला आहे.

आरोप तीन बाजूंनी येतात. रॉकवाले म्हणतात, यात घाम नाही. जॅझवाले म्हणतात, यात जॅझ कुठे आहे, कानामागे लावलेला जॅझचा अत्तराचा फाया तेवढा आहे. आणि गाण्याच्या शब्दांकडे लक्ष देणारे म्हणतात, यात माणूस नाही. दोन अतिहुशार, खवचट पोरं गच्चीवर बसून खालच्यांची टिंगल करताहेत. तिघांचा मिळून शब्द एकच: थंड. हा शब्द अन्यायकारक आहे, असं मी म्हणणार नाही. अन्यायाचं दुःख चाहत्यांना होतं आणि त्यात इतरांना रस असायचं कारण नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो चूक आहे. तबकड्यांवर जे वाजतं त्याच्याशी तो जुळत नाही.

ज्यांना बँड नावापुरताच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर १९६७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात भेटले. दोघांनाही वेड जॅझचं. फेगन तर न्यू जर्सीतल्या एका कंटाळवाण्या उपनगरात, रात्री उशिरा रेडिओवर जॅझ ऐकत वाढलेला. न्यूयॉर्कमध्ये गाणी विकून पोट भरायचा प्रयत्न फारसा जमला नाही. मग लॉस एंजेलिसला एबीसी कंपनीत पगारी गाणी लिहायची नोकरी. पण गाणी अशी, की दुसऱ्या कुणाच्या तोंडी बसेनात. तेव्हा निर्माता गॅरी कॅट्झ आणि ध्वनिमुद्रक रॉजर निकल्स यांना घेऊन त्यांनी स्वतःचाच बँड काढला. नाव उचललं विल्यम बरोजच्या 'नेकेड लंच' या कादंबरीतून, तेही त्यातल्या एका चावट वस्तूचं. १९७२ ते १९८० या काळात सात अल्बम. १९७४ नंतर दौरे बंद. मूळचे वादक एकेक करून गेले आणि उरले हे दोघे, स्टुडिओ, आणि बोलावून आणलेले वादक.

रॉकवाल्यांचा मुद्दा इथूनच सुरू होतो. हा बँडच नव्हे, म्हणे. पैसे देऊन आणलेली माणसं बँड कशी होतील? बँड म्हणजे एका गॅरेजात वाढलेले चार मित्र, त्यांची भांडणं, त्यांचा एकत्र घाम. रोमँटिक कल्पना आहे, आणि काही बँडांच्या बाबतीत खरीही आहे. पण स्टीली डॅन आधी असा बँड होता आणि मग बिघडला, ही गोष्ट मात्र बनावट. १९७२ च्या पहिल्याच अल्बममधल्या 'रीलिन इन द इयर्स'मधली जी गिटार आजही लोक तोंडाने वाजवतात ती बँडमधल्या कुणाची नाही; ती एलियट रँडल या बाहेरच्या वादकाची आहे. बँडमध्ये तेव्हा चांगले दोन गिटारवाले होते. गाण्याला जे हवं ते ज्याच्या हातात असेल त्याला बोलवायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. (त्याच अल्बममधल्या 'डू इट अगेन'मध्ये डेनी डायस हा घरचाच माणूस इलेक्ट्रिक सतार वाजवतो. आपण तिला सतार म्हणणार नाही. झंकारणाऱ्या घोडीची गिटार ती. पण त्याने ती सतारीची नक्कल करत न वाजवता सरळ जॅझच्या अंगाने वाजवली, हे त्या काळाच्या मानाने फार सभ्य वागणं होतं.)

मुंबईतल्या श्रोत्याने तर भाडोत्री वादकांचा आरोप तोंडातून काढूच नये. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तला, १९५१ सालचा, तो उडता जॅझ कुणाच्या जोरावर उभा आहे? चिक चॉकलेट आणि त्याच्या साथीदारांच्या. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदामागे सबॅस्टियन डिसूझाचं डोकं होतं. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत रेकॉर्डिंग, अशा पाळ्या करणाऱ्या गोव्याच्या वादकांनी आपली दोन-तीन दशकं सजवली आणि त्यांना आपण कधी निर्जीव म्हटलं नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे त्यांची नावं तबकडीवर छापायची पद्धत नव्हती. 'एजा'च्या कव्हरवर मात्र कोणत्या गाण्यात कुणी काय वाजवलं ते गाणंवार छापलेलं आहे.

'एजा' हा १९७७ चा अल्बम म्हणजे विरोधकांच्या खटल्यातला मुख्य पुरावा, तेव्हा तोच घेऊ. सात गाणी आणि सहा ड्रमर. ऐकायला हे खरंच चैनीचं वाटतं. पण एकदा त्या सातही गाण्यांचे नुसते ड्रम ऐका. 'होम अ‍ॅट लास्ट'वर बर्नार्ड पर्डी आहे. त्याची एक खास चाल आहे, तिला 'पर्डी शफल' असंच म्हणतात. मोठा आघात चार मात्रांत एकच, तिसरीवर. बाकीच्या जागेत डाव्या हातातली काठी स्नेअरवर नुसती टेकते, उचलते, टेकते. हे इतके हलके आघात आहेत, की ते नेमके ऐकू येत नाहीत, पण काढून टाकले तर गाणं बसकण मारेल. ताल पुढे सरकतोय आणि त्याच वेळी मागे रेलतोय. गाण्यात वादळातून वाचलेला, डोलकाठीला बांधून घेतलेला नाविक आहे; ओडिसियसची कथा लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर आणलेली. त्याला घरी पोचल्याचा आनंद आहे की कैद झाल्याची भीती, हे शब्द सांगत नाहीत. पर्डीचा डावा हात सांगतो. हे थंडपणाचं उदाहरण असेल तर गरम कशाला म्हणायचं ते मला कुणीतरी शिकवावं.

आता 'पेग'ची प्रसिद्ध गोष्ट. मधल्या गिटार-सोलोसाठी एकामागून एक नामवंत गिटारवाले बोलावले, वाजवून घेतलं आणि परत पाठवलं. शेवटी जे ग्रेडनचं वाजवणं ठेवलं. १९९९ साली 'एजा'वर निघालेल्या माहितीपटात बेकर आणि फेगन मिक्सिंगच्या टेबलाशी बसून ते नाकारलेले तुकडे वाजवून दाखवतात आणि हसतात. विरोधकांना हा प्रसंग फार प्रिय आहे. बघा, म्हणतात, माणसांना सुट्या भागांसारखं वापरलं! पण त्या माहितीपटात नाकारलेलं काय आहे ते कानांनी ऐका. त्यात चूक काहीच नाही. सुरेल आहे, तालात आहे, सभ्य आहे. ग्रेडनचा सोलो त्या मानाने आगाऊ आहे. दोन-दोन तारा एकत्र ताणून तो स्वर पेडल स्टीलसारखे घसरवतो, मधेच हवाईयन वाटेल अशी लकेर घेतो, आणि ब्लूज तर सोडतच नाही. या दोघांना निर्दोष वादन हवं असतं तर पहिल्याच गिटारवाल्यावर काम भागलं असतं. त्यांना अनपेक्षित काहीतरी हवं होतं आणि ते मागून मिळत नाही, वाट बघावी लागते.

आणि जिथे ते लगेच मिळालं तिथे त्यांनी ते लगेच घेतलं. या बाजूबद्दल कुणी बोलत नाही. 'डीकन ब्लूज'चा सॅक्सोफोन पीट क्रिस्टलीबचा आहे. तो जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'च्या वाद्यवृंदातला. टीव्हीवरचं काम आटोपून तो स्टुडिओत आला, एक-दोनदा वाजवलं आणि गेला. 'एजा' या शीर्षकगीतातलं स्टीव्ह गॅडचं ड्रमवादनही एक-दोन टेकमधलंच, आणि त्यावर वेन शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन. शॉर्टर म्हणजे माइल्स डेव्हिसच्या पंचकातला आणि 'वेदर रिपोर्ट'मधला. त्याला कुणी रॉकच्या तबकडीवर शोभेचा सॅक्सोफोन वाजवायला बोलावत नाही. आठ मिनिटांच्या त्या गाण्यात ही दोन माणसं अचानक एकमेकांवर तुटून पडतात, आणि मागचे कॉर्ड मात्र शांतपणे चालत राहतात. ज्यांना इथे घाम दिसत नाही त्यांना घाम फक्त शर्टावर शोधायची सवय आहे. एका गवयाच्या चार तानांमागे वर्षानुवर्षांचा रियाज आहे म्हणून तो थंड, असं आपल्या मैफिलीत कुणी म्हटलं तर त्याला उठवून बाहेर पाठवतील.

'एजा' सप्टेंबरात आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सेक्स पिस्टल्सचा अल्बम. त्या दोन महिन्यांनी समीक्षेची एक पिढी बिघडवली. कच्चं ते खरं आणि घासलेलं ते खोटं, हे समीकरण तिथून पक्कं झालं. पिस्टल्सचा तो अल्बमही स्टुडिओत गिटारींचे थरावर थर चढवून केलेला होता, हे कुणी फारसं सांगत नाही. असो.

जॅझवाल्यांचा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण ते निदान ऐकतात. त्यांचं म्हणणं असं, की जॅझचा जीव उत्स्फूर्त विस्तारात आहे, आणि इथे सोलोला आठ-सोळा बार देऊन दार बंद केलेलं आहे. म्हणजे कॉर्ड उसने घेतले, स्वातंत्र्य ठेवून दिलं. हा आक्षेप साठच्या दशकातल्या जॅझला सगळं जॅझ समजतो. फेगन-बेकर ज्याच्यापुढे नतमस्तक होते तो जॅझ त्याहून जुना. १९७४ च्या 'प्रेट्झेल लॉजिक'वर त्यांनी ड्यूक एलिंग्टनचं १९२६ सालचं 'ईस्ट सेंट लुइस टूडल-ऊ' घेतलं. बाहेरच्या कुणाची रचना त्यांनी सत्तरच्या दशकात मुद्रित केली ती एवढीच. मुळात बबर मायलीचा गुरगुरणारा ट्रम्पेट. तो बेकरने टॉक-बॉक्स लावलेल्या गिटारीवर उतरवला. ट्रॉम्बोनचा भाग बँडमधल्याच जेफ बॅक्स्टरने पेडल स्टील गिटारीवर. आता एलिंग्टनच्या त्या तबकडीत सोलोला जागा किती होती? ७८ आरपीएमच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. लेखन घट्ट, मांडणी ठरलेली, आणि त्या चौकटीत मायलीला काही बार. तेवढ्यात त्याला सगळं सांगून टाकावं लागायचं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांच्या तबकडीत केलं ते हेच. स्टीली डॅनने जॅझचं स्वातंत्र्य कापलं नाही. त्यांनी जॅझची ती जुनी शिस्त उचलली आणि क्रिस्टलीबला, शॉर्टरला, फिल वुड्सला त्यात उभं केलं. हे नुसत्या नॉस्टॅल्जियातून होत नाही. त्यासाठी त्या तबकड्या खोलवर ऐकलेल्या असाव्या लागतात.

आणि कॉर्ड उसने घेतल्याचं म्हणाल तर थोडं पियानोपाशी बसा. सा-ग-प या साध्या स्वरसंगतीत रे घाला, पण ग च्या अगदी लगत, एकाच वेळी वाजेल असा. रे आणि ग एकमेकांना किंचित घासतात. स्वरसंगती गोड राहते पण तिला बारीक कड येते. या कॉर्डला त्या दोघांनी स्वतःच 'म्यू मेजर' असं गमतीचं नाव ठेवलं आणि तो जागोजागी वापरला. तोच त्यांचा आवाज आहे. पुस्तकातून उतरवलेला जॅझ असा वाजत नाही. 'पेग'च्या कडव्यांचंही तेच: वरचे सगळे सुंदर कॉर्ड बाजूला केले तर खाली साधा ट्वेल्व्ह-बार ब्लूज निघतो. लॉबीतलं संगीत म्हणून ज्याची हेटाळणी होते त्या गाण्याचा सांगाडा ब्लूजचा आहे.

एका ठिकाणी मात्र गुन्हा कबूल आहे. 'गाउचो' या शीर्षकगीताची सुरुवात जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटच्या १९७४ च्या 'बिलाँगिंग' अल्बममधल्या एका रचनेवरून सरळ उचललेली होती. जॅरेटने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि श्रेयात त्याचं नाव आलं. योग्यच झालं. 'रिकी डोन्ट लूज दॅट नंबर'ची सुरुवात होरेस सिल्व्हरच्या 'साँग फॉर माय फादर'ची आहे, हे तर पहिल्या चार सुरांतच कळतं. पण तिथे उघडपणे मुजरा केलेला आहे. 'गाउचो'त तसं नव्हतं.

१९८० चा तो अल्बम मलाही थकलेला वाटतो. रॉजर निकल्सने त्याच्यासाठी 'वेंडेल' नावाचं यंत्र तयार केलं, ड्रमचे आघात साठवून हव्या त्या क्षणी बसवणारं. गिटारवादक मार्क नॉफ्लरला तासन्‌तास वाजवायला लावून अखेर काही सेकंदांपुरतं ठेवलं. जवळजवळ पूर्ण झालेलं एक गाणं चुकून पुसलं गेलं. विरोधकांचा 'थंड' हा शब्द कुठे चिकटत असेल तर या अल्बमच्या काही भागांना. पण त्याच्या पहिल्याच गाण्यात, 'बॅबिलॉन सिस्टर्स'मध्ये, पुन्हा पर्डीचा हात आहे, आणि तो यंत्राला सगळा वेळ खोटं पाडतो.

आता तिसरा आरोप, गच्चीवरच्या खवचट पोरांचा. माझं खरं भांडण याच आरोपाशी आहे.

स्टीली डॅनच्या गाण्यात बोलणारा माणूस जवळजवळ नेहमी हरलेला असतो आणि आपण हरलो आहोत हे तो कबूल करत नाही. 'डीकन ब्लूज'चा नायक उपनगरात राहतो. तो सॅक्सोफोन शिकणार आहे, मनात येईल ते वाजवणार आहे, रात्रभर पिणार आहे आणि गाडी चालवतानाच मरणार आहे. जिंकणाऱ्या संघांना जगात मोठमोठी नावं असतात. हरणाऱ्यालाही एक नाव हवंय, एवढीच त्याची मागणी. फेगनच्या रात्रीच्या रेडिओची ज्याला कल्पना आहे त्याला हा माणूस कोण आहे ते समजायला हवं. इथे टिंगल कोण कुणाची करतंय? आणि क्रिस्टलीबचा सॅक्सोफोन येतो तो या माणसाच्या स्वप्नात वाजणारा सॅक्सोफोन म्हणून. तो इतका तयार, इतका देखणा आहे कारण स्वप्नातला सॅक्सोफोन असाच वाजतो. नायक स्वतः कधीच असा वाजवू शकणार नाही. गाण्यातली चकाकी त्याच्या स्वप्नाची आहे, आणि आपण तिला निर्मात्यांचा थंडपणा म्हणतो.

'हे नाइन्टीन'मध्ये पोक्त झालेला पुरुष एकोणीस वर्षांच्या मुलीला अरीथा फ्रँकलिनबद्दल सांगतो आणि तिला अरीथा कोण तेच ठाऊक नाही. अरीथा तेव्हा अडतीस वर्षांची होती, हे लक्षात घेतलं की विनोद पुरेसा टोचतो. संगीत अगदी गुळगुळीत, आरामशीर. का नसेल? तो माणूस आरामशीर दिसायचा आटोकाट प्रयत्न करतोय.

आणि 'चार्ली फ्रीक'. तीन मिनिटांहूनही छोटं गाणं, पियानोची एकच आकृती न थांबता ठोकत जाणारी. एक दरिद्री, व्यसनी माणूस आपली सोन्याची अंगठी विकायला काढतो. कथन करणारा ती मातीमोलाने घेतो. त्या पैशातून घेतलेल्या मात्रेने तो माणूस मरतो. कथन करणारा धावत जातो आणि अंगठी प्रेताच्या बोटात परत घालतो. पश्चात्तापाचं एकही वाक्य नाही. खवचट माणसं हे लिहीत नाहीत. भावना आणि भावनेचं प्रदर्शन यांतला फरक ज्यांना कळतो तीच लिहितात, आणि प्रदर्शनाला सरावलेल्या कानांना ते थंड वाटतं.

थोडं आमच्या बाजूच्या लोकांनाही सुनावतो. या बँडचं नुकसान शत्रूंनी केलं त्याहून जास्त त्याच्या भक्तांनी केलं आहे. स्पीकर विकत घेताना 'एजा' लावायचा, डोळे मिटायचे, झांजेच्या टोकाला किती हवा आहे ते बोलायचं, आणि गाणं कशाबद्दल आहे ते विचारलं की गप्प. अल्बमला उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं हे खरं. पण स्पीकरांच्या दुकानात ज्याची ओळख झाली त्याला लोकांनी उपकरण समजायला सुरुवात केली तर तो दोष कुणाचा? २००१ साली 'टू अगेन्स्ट नेचर'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी पेढे वाटले. त्या वर्षी स्पर्धेत रेडिओहेडचा 'किड ए' होता आणि पुरस्कार त्यालाच मिळायला हवा होता. वीस वर्षांपूर्वी द्यायचं राहिलेलं उशिरा दिलं गेलं, आणि रेडिओहेडच्या चाहत्यांना स्टीली डॅनचा राग धरायला एक कारण मिळालं.

या सगळ्यावर एक शेवटचा पुरावा ठेवतो. १९७५ च्या 'केटी लाइड'च्या मिक्सिंगच्या वेळी डीबीएक्स या गोंगाट कमी करणाऱ्या यंत्रणेने दगा दिला आणि टेपवरचा आवाज मंद, झाकोळलेला निघाला. नंतर तो पूर्ण सुधारता आला नाही. बेकर आणि फेगन त्या अल्बमच्या आवाजावर कायम नाराज राहिले. म्हणजे ज्या चकाकीवर हा सगळा वाद चालला आहे ती या अल्बममध्ये त्यांच्या स्वतःच्या मोजमापाने नाही. आणि तरीही यावर 'डॉक्टर वू' आहे: व्यसन, एक मुलगी, एक डॉक्टर, आणि यांतलं कोण कुणाला सोडून गेलं याचा थांगपत्ता न लागू देणारी चार मिनिटं; मागे विशीतला जेफ पोर्कारो ड्रमवर, आणि मग फिल वुड्सचा आल्टो सॅक्सोफोन, जो चार्ली पार्करला आयुष्यभर उराशी धरून वाजवणाऱ्या माणसाचा आहे. बँडच्या सातही अल्बममधला हा सर्वांत मोठा सोलो आहे असं माझं मत आहे, आणि शॉर्टरचे चाहते याला हरकत घेतील हे मला ठाऊक आहे.

तेव्हा विरोधकांना विनंती एवढीच, की पुढच्या वेळी 'पेग'ची वीस सेकंदं ऐकून लिहू नका. 'डॉक्टर वू' पूर्ण ऐका, वुड्स थांबेपर्यंत, आणि मग थंड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.